हंसांचा श्रावण

ज्याने हंस पाळले त्याला दोन गोष्टींचा कधी तुटवडा पडत नाही : शीट आणि किस्से. शीट निदान धुता तरी येते. किस्से साचतच जातात, आणि माझ्याकडे तर ते फुकटचे साचलेत, कारण हंस माझे नाहीतच. ते वाकोल्याच्या आमच्या चाळीतल्या परबाचे.

परबाने अर्धं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात काढलं. एकदा दोन मजल्यांच्या मधे अख्खी दुपार अडकला आणि बाहेर आला तो ठरवूनच. मला म्हणाला, "सावंता, आता काम करीन तर मोकळ्या जागेत!" आरे कॉलनीत त्याच्या चुलतभावाचा म्हशींचा गोठा आहे. गोठ्यामागची जागा मिळाली आणि परबाने तिथे राजहंस आणले. वहिनींनी एकच अट घातली, "गणपतीपर्यंत बघूया. नाय जमला तर परत लिफ्ट." हत्यारांची पिशवी त्यांनी दाराशेजारच्या खुंटीलाच टांगून ठेवली. येता-जाता परबाच्या खांद्याला लागायची.

*

हंस विकणारा म्हणाला होता, "काहीपण खातात." पहिल्या रविवारी मी शिळे पाव नेले, वहिनींनी भात दिला. खारदांड्याचा जग्गू कोळी, परबाचा शाळेपासूनचा दोस्त, माशांची मुंडकी घेऊन आला. परबाने मका ओतला. हंसांनी सगळं खाल्लं. मग माझ्या चपलेचा पट्टा खाल्ला.

"बघ, कसली तक्रार नाही!" परब खूश. मी अनवाणी घरी आलो.

*

कोरडा मका खाताना हंस एक घास घ्यायचे आणि धावत दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या बादलीकडे जायचे. चोच बुडवली की परत धावत मक्याकडे. सकाळभर हीच परेड. आम्ही तिघे बघत उभे, कुणालाच काही कळेना.

"ह्यांना डायबेटिस झालाय यार!" परबाचं निदान.

वहिनींनी बादली उचलली आणि मक्याच्या शेजारी ठेवली. धावाधाव बंद. परब पुढे आठवडाभर सांगत होता, डायबेटिस बरा झाला म्हणून.

*

जग्गूची मुंडकी रोज येतच राहिली. अंडी मिळायला लागली तेव्हा मानाचं पहिलं आमलेट मला. एक घास घेतला आणि आपण काय खातोय तेच समजेना. डोळे उघडे ठेवले तर आमलेट, मिटले तर बांगडा!

जग्गूने ताट पुसून खाल्लं. "झकास! एकात दोन. फक्त कोकम पाहिजे होतं."

उरलेली अंडी मग आम्ही मादीखाली ठेवली.

*

पिल्लं निघाली आणि तिथून वाट लागली. लाडापोटी जो तो भरवत सुटला. पिल्लं फुगली, बसल्या जागेवरून उठेनात, आणि तिघांचे पंख टोकाकडून बाहेर वळले.

"रिक्षावाल्यासारखा हात दाखवतायत," जग्गू म्हणाला.

परब हसला नाही. एका पिल्लाला मांडीवर घेऊन तो पंख नीट बसवत होता. हात काढला की पंख परत बाहेर. "माका काय कळाक नाय रे," तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

जनावरांचे डॉक्टर आले. "खायला काय घालता?" परबाने पाव, भात, मका, मासे अशी यादी म्हणून दाखवली. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आणि गवत?"

परबाने चौफेर पाहिलं. आषाढातलं आरे, जिकडेतिकडे गुडघाभर गवत.

"गवत म्हशी खातात ना, साहेब!"

डॉक्टरांनी पंख चिकटपट्टीने अंगाशी बांधले आणि बजावलं, "वाढत्या वयात इतकं जड खाणं नको. चरू द्या त्यांना." ते गेले तसा जग्गू उसळला, "एवढा मोठा पक्षी गवतावर जगतो काय? उपाशी मारशील!" पावसाळ्याची मासेमारी बंद होती, तरी पठ्ठ्याने सुकटीचा चुरा आणला. मोबाइलवर एक जण सांगत होता मका द्या, दुसरा सांगत होता मका बंद करा. परबाने दोघांनाही लाइक दिलं.

*

मग श्रावण लागला. वहिनी आरेत आल्या आणि सुकटीची पिशवी त्यांनी जग्गूच्या हातात दिली. "महिनाभर हे आमच्याकडे नाय चालणार."

"वहिनी, ते पक्षी आहेत!"

"मग? आमच्या घरचेच ना?"

आणि उपास म्हणजे उपास. पाव बंद, भात बंद, मकाही बंद. नुसतं गवत. जग्गू रोज फोन करून मला विचारायचा, "आहेत ना रे अजून?"

होते. पिल्लं उठली, चरायला लागली. चिकटपट्टी काढली तर दोघांचे पंख जागेवर, तिसऱ्याचा जरासा तिरका. डॉक्टर म्हणाले, गवताने. वहिनी म्हणाल्या, श्रावणाने. मी अजून ठरवू शकलेलो नाही. परब तर पार चक्रावला. "दोघं बरोबर असतील, तर मी इतके दिवस काय करत होतो?"

*

गणपती आले. मालवणी माणूस हंसांपायी गणपतीला गावी गेला नाही, यावरून काय ते समजा. मुदत संपली होती आणि वहिनी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. चतुर्थीच्या सकाळी परब माझ्या दारात आला. चेहरा पार उतरलेला.

"सावंता, खुंटीवर पिशवी नाय. आणि ही पण सकाळीच कुठेतरी गेलीय. लिफ्टच्या कंपनीत सांगायलाच गेली असणार."

आम्ही दोघे आरेत गेलो. गोठ्यामागे पोचलो तर हंसांचा नुसता कल्ला, आणि त्यांच्या मधोमध वहिनी. हातात हत्यारांची पिशवी, कोवळ्या गवताने ठासून भरलेली. पिल्लांपुढे ओतत होत्या.

"अगो, माझी हत्यारां खंय?"

वहिनींनी पिशवी उलटी करून झटकली आणि परबाच्या हातात दिली.

"माळ्यार टाकलंय. ह्या पिशवीत गवत बरा मावता."