बाभळीमागच्या टोपल्या

"उतर खाली. तुले पाहून बस थांबवली, अन् तू मासळीचा बजार चढवून राहिली."

कंडक्टरने माझं दप्तर रस्त्यावर फेकलं. मी सातवीत होते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर नव्या गावठाणाला थांब्याची पाटी मिळाली, पण मासळीच्या टोपल्या दिसल्या की बस थांबायची नाही. म्हणून आई आणि आमच्या ढिवर समाजातल्या मासळी विकणाऱ्या आणखी चार बाया टोपल्या घेऊन बाभळीमागे लपायच्या. पाटीखाली गणवेशात मी एकटी. मी हात दाखवायचा, बस थांबली की त्या धावत यायच्या. त्या दिवशी कंडक्टरने आमची युक्ती ओळखली. अख्खी बस नाकाला रुमाल लावून हसली. आई "साहेब, साहेब" करत राहिली. मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त राग आला.

पुढे मी एसटीत कंडक्टर म्हणूनच लागले. खात्याच्या परीक्षा देत देत डेपो मॅनेजर झाले. बंद पडलेल्या फेऱ्या सुरू केल्या, शाळांच्या वेळा जुळवल्या. सत्काराच्या शालींनी कपाट भरलं. आणि गेल्या महिन्यात माझ्याच गावची सकाळची फेरी बंद करायचा कागद सहीला आला. कारण, थांब्यावर प्रवासी नसतात.

कालच्या बैठकीत वरचे साहेब म्हणाले, "मासळीच्या वासानं बाकीचे प्रवासी तुटतात, मॅडम. तुम्हाला सवय असेल."

सगळे हसले. अशा हसण्यात मीही इतकी वर्षं हसत आले, याची लाज वाटते. काल हसले नाही. सही करणार नाही म्हणाले आणि कागद परत सरकवला.

आज सकाळी थांब्यावर गेले. बाया बाभळीमागेच, पाटीखाली उभं राहायला कुणी मिळेल याची वाट पाहत. नको नको म्हटलं तरी टोपली न सोडणारी माझी आईसुद्धा त्यांच्यात. डोकंच फिरलं. मग मी सुधारलं तरी काय? पुढे या म्हटलं, तर आई म्हणाली, "तूच उभी राय ना, बाई. तुले पाहून थांबन."

थांबली असती. मॅनेजर दिसल्यावर कोण थांबणार नाही?

मी आईची टोपली उचलून पाटीखाली ठेवली. मग बाकीच्या ओढत आणल्या, बायांना त्यांच्याजवळ उभं केलं. आणि स्वतः बाभळीमागे गेले.

बस आली. पाच हात वर झाले. बस तशीच निघून गेली.

मी गाडीचा नंबर लिहून घेतला. आज ड्रायव्हर-कंडक्टरला लेखी जाब द्यावा लागेल. उद्याही बाया पुढे राहतील आणि मी मागे. मला पाहून थांबणारी बस मला नको. ती टोपली पाहून थांबली पाहिजे.