लाल रंगाखालचं गाणं

ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणाऱ्यांची जात मोठी भोचक. एकमेकांकडे चहाला जायचं आणि कोणाच्या कपाटात काय आहे ते हुंगून यायचं. मीही त्यातलीच. पण नांदेडचे आमचे शौकीन जुन्या सिनेमांच्या तबकड्यांवर जीव टाकायचे, आणि मला हवी होती तिला त्यांच्यात कोणी विचारत नव्हतं. लग्नाआधी माझ्या मायने हैदराबादला जाऊन एक भीमगीत गायलं होतं, त्याची तबकडी.

कंपनीने गाणं गाऊन घेतलं, तबकडी काही तिच्या हाती दिली नाही. लोह्याला सासरी आल्यावर माय हे सांगून बसली आणि फसली. आत्या, म्हणजे तिची मोठी नणंद, आल्यागेल्याला सांगायची, "आमची भावजय रेकॉर्डवाली हाय बरं का! फकस्त रेकॉर्ड तेवढी न्हाई." सगळे हसायचे. मायने गाणंच सोडलं. भांडी घासतानासुद्धा तिला गुणगुणताना मी ऐकलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो. माय आहे तोवर ती तबकडी शोधायचीच, असा मी हट्ट धरला.

धर्माबाद पालथं घातलं, हैदराबादचे जुने बाजार धुंडाळले. आणि शेवटी काखेत कळसा! लोह्यातल्याच एका लाउडस्पीकरवाल्याचं दुकान बंद होत होतं. त्याच्या पेटीतल्या तबकड्यांना शौकिनांनी हात लावला नव्हता, कारण प्रत्येकीच्या मधल्या कागदावर लाल ऑइलपेंट फासलेला. म्हातारा म्हणाला, "जयंतीला दुसरा भोंगेवाला वाकून नाव वाचायचा अन् फुडल्या साली तेच गाणं घेऊन यायचा. मग म्या नावच बुजवून टाकलं." स्वतःच्या ओळखीला त्याने पांढरे ठिपके दिले होते. बाईने गायलेलं भीमगीत म्हटल्यावर त्याने एक तबकडी काढून दिली. "बाहेरगावच्या जयंतीला हिला लई फर्माइश असायची."

ऐकायची ती मायसमोरच, असं मी ठरवलं. पण धीर कुठला! रॉकेल लावून रंग पुसायला गेले, तर रंगाबरोबर नावाचा कागदही निघाला. मी कपाळावर हात मारला.

रविवारी माय लातूरहून, माझ्या भावाकडून माझ्याकडे आली. तिला भेटायला आत्याही आली. तबकडी हातात घेऊन आत्या म्हणाली, "नाव कुठाय हिच्यावर?" मायने मान खाली घातली. मी सुई टेकवली.

ढोलकी वाजली आणि आत्या ताठ बसली. "अगं, हे तर माझ्या सासरच्या जयंतीचं गाणं! भोंग्यावर लागलं की आम्ही बाया नाचून नाचून धुरळा उडवायचो. काय गळा होता बाईचा! कोण होती ते कुणाला कळलंच न्हाई."

कडव्याला माय सुरू झाली. आवाज थकलेला, पण ओळीच्या शेवटी तोच हेल, मध्येच घेतलेला तोच श्वास. तबकडीतली पोर आणि खुर्चीतली म्हातारी एका सुरात गात होत्या. आत्या एकदा तबकडीकडे, एकदा भावजयीकडे बघत राहिली. मला रडू येत होतं आणि हसूही. आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

गाणं संपलं. आत्या हळूच म्हणाली, "परत लाव की."

मी हात पुढे केला, तो मायने धरला. "थांब. अक्का, आधी उठा. नाचल्याबिगर लावायची न्हाई."

आत्या गुडघ्यांना शिव्या देत उठली आणि तिने पदर खोचला.