परबांच्या कपाटाचं वजन

नाव : श्री. लवू भिकाजी परब. वय : चौसष्ट. मूळ गाव मालवण तालुक्यात, हल्ली मुक्काम बोरीवली पूर्व. व्यवसाय : औषधांच्या गोदामातून सेवानिवृत्त. ओळखीची खूण : बोलण्याआधी खाकरणे. स्थावर मालमत्ता : पुनर्विकासासाठी बिल्डरच्या स्वाधीन. जंगम मालमत्ता : दुदारी लोखंडी कपाट, नग एक. आतील ऐवजाबाबत शेजारी अनेक प्रवाद असून, सदर इसमाने त्यांपैकी एकाचेही खंडन केल्याची नोंद नाही.

प्रवाद सोन्याचा होता. लवू परब त्याबाबत कधी खोटं बोलले नाहीत. ते फक्त कपाट उघडण्याआधी घराचं दार लोटून घेत, बंद केल्यावर कडी दोनदा ओढून बघत आणि चावी लेंग्याच्या नाडीला बांधत. एवढ्या भांडवलावर त्यांनी बत्तीस वर्षं चाळीसएक बिऱ्हाडांत मान मिळवला. आत साड्या, चादरी आणि घडी करून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.

इमारत पाडायची ठरली आणि परबांना दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा मिळाली. हलवाहलवीची सूत्रं सून श्रुतिकाने घेतली. मशीनचा ड्रम बांधला, फ्रिज उभाच न्यायचा आणि नेल्या नेल्या चालू करायचा नाही, हे सगळ्यांना बजावलं. मग ती कपाटाकडे वळली.

"बाबा, हे पूर्ण रिकामं करायचं आणि दारं दोरीने आवळायची. भरलेलं कपाट जिन्यात कोणाच्या तरी अंगावर येतं."

"हो, हो. बरोबर," असं म्हणून बाबांनी नाडीची चावी सोडून तिच्या हातात दिली. साड्या-चादरी बोचक्यांत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सून नवीन जागा झाडायला गेल्यावर लवूंनी कपाटाला सहज टिचकी मारली. ते टणकन वाजलं. देवळातली घंटा परवडली, असा आवाज. उद्या हमाल हे पत्र्याच्या डब्यासारखं उचलणार, समोरच्या जयावहिनी दारात उभ्या असणार आणि बत्तीस वर्षांची पत टणटणत जिना उतरणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

माणसाने अशा वेळी विचार करू नये. लवूंनी केला. स्वयंपाकघरातून पाटा-वरवंटा ओढत आणला. सिद्धेशने, म्हणजे चिरंजीवांनी, जिम सोडल्यापासून दार अडवायला ठेवलेले दोन डंबेल्स घेतले. खालचा कप्पा गंजलेला, म्हणून सगळं हाश्शहुश्श करत वरच्या कप्प्यात चढवलं. वाजू नये म्हणून भोवती जुनी गोधडी कोंबली, कुलूप लावलं आणि दारांवरून दोरीही आवळली. सुरक्षेत हयगय नको.

संध्याकाळी परतल्यावर सासूबाईंना, म्हणजे रत्नप्रभाबाईंना, पाटा दिसेना.

"गो श्रुतिका, पाटो खंय गेलो? भंगारात टाकलंस मां?"

"नाही हो आई, शप्पथ."

"मग काय चालत गेलो? मिक्सर आसा म्हणान तुका पाटो जड झालो! माझ्या आवशीचो पाटो तो!"

श्रुतिका रडवेली होऊन आत गेली. सासरे गॅलरीत पेपर वाचत होते. राशिभविष्य त्यांनी तीनदा वाचलं.

सकाळी टेंपोवाला निलेश तीन हमाल घेऊन आला. त्याने कपाट जरासं तिरकं करून पाहिलं.

"काका, ताई तर रिकामं म्हणाल्या."

लवू खाकरले. "तिला काय माहीत."

चौघं कण्हत दाराबाहेर पडले. जयावहिनी होत्याच. "अगं बाई! काय हो परब, काय भरलंय एवढं?"

"पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे, वहिनी. हलकं कसं असेल?"

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. लवू ताठ मानेने कपाटामागून जिना उतरले. त्यांच्या लग्नाची वरातही इतकी साग्रसंगीत नव्हती.

नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कपाट मावेना, तेव्हा जिना आला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चौघं थबकले. तिथले भाडेकरू कौतुकाने बाहेर आले. लवू दोन पायऱ्या वर उभे राहून मार्गदर्शन करत होते.

"जरा जपून रे. आत नाजूक वस्तू आहेत."

तेवढ्यात खालच्या हमालाचा हात घामाने सटकला. कानात इयरफोन घालून ऑफिसशी बोलत येणारा सिद्धेश धावला आणि त्याने कपाटाला खालून खांदा दिला. कपाट कललं. आत काहीतरी गर्रर्र करत सरकलं आणि दारावर धाडकन आदळलं. पत्र्याला बाहेरून पोक आलं, नेमकं सिद्धेशच्या डोक्यावर. दोरी कुरकुरली.

पोराचे केस मागून विरळ झाले आहेत, हे लवूंना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. खाकरायला वेळ नव्हता.

"ठेवा! खाली ठेवा ते! सिद्धेश, तू बाजूला हो!"

"अहो बाबा, असं मध्येच कसं ठेवणार? आहे काय आत?"

जिन्यात पंधरा माणसं उभी होती.

"पाटा," लवू म्हणाले.

"काय?"

"पाटा आहे. वरवंटा आहे. आणि तुझे डंबेल्स. वरच्या कप्प्यात."

"काका," निलेश दातओठ खात म्हणाला, "कपाट आहे की खदान?"

कसंबसं ते वळणावर आडवं टेकवलं. दोरी सोडली, कुलूप काढलं. गोधडीतून पाटा बाहेर आला तेव्हा रत्नप्रभाबाई वरून धावत उतरल्या होत्या.

"माझो पाटो! अरे देवा, आणि मी त्या पोरीक काय काय बोललंय! आणि तुमी? तुमी बसलात पेपर वाचीत!"

खालच्या हमालाने हात झटकून झटकून पाहिला आणि लवूंकडे बघून तो थुंकायला खिडकीशी गेला. सिद्धेशने इयरफोन काढून खिशात टाकले. त्याच्या खांद्यावर लाल वळ उठला होता.

सासूमागोमाग उतरलेल्या श्रुतिकाने वरवंटा उचलून सासऱ्यांच्या हातात दिला. "बाबा, हा तुम्ही न्या."

तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून लवू परब एक मजला चढून गेले. पोरंटोरं मागे होती. रिकामं कपाट मग दोघांनीच वर नेलं.

नव्या इमारतीत त्यांना पाटेवाले म्हणतात.