काकांचा बेल्ट आणि हलणारी रेघ

लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की झटकून जात नाही. आमच्या वालीवच्या गाळ्यातले किस्से तसेच. आम्ही पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी मशीन बनवतो. माणसं तीन: मालकीण शैलाताई, तारेची गुंडाळी करणारे आल्बर्टकाका आणि नववीनंतर शाळा सोडलेला मी.

*

गाळ्याभोवती सगळं लोखंड, म्हणून मशीन तपासायचं काकांच्या शेतात. शेतामागून रेल्वे जाते, एवढीच अडचण.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवरची रेघ जाड झाली. मी वहीत लिहिलं, "मशीन बिघडलं." थोड्या वेळाने पुन्हा तेच लिहिलं.

काकांनी वही पाहिली. "मशीन नाय बिघडलं, बाबा. विरार फास्ट गेली."

*

एकदा गाडी नसताना रेघ एकदम वर गेली. ताईंनी माझ्या किल्ल्या काढून घेतल्या, मग पट्टा. मी पँट धरून उभा. रेघ वरच.

मागून काका म्हणाले, "माझ्या गुडघ्याच्या बेल्टात लोखंडी पट्ट्या आहेत. चालेल ना?"

बेल्ट काढला तर काकांना उभं राहता येत नाही. तेव्हापासून मशीन चालू असलं की काका लांब बांधावर.

*

ताईंनी एकदा स्टेशनवर फोन लावला. "गाड्या बंद कधी असतात?"

पलीकडचा म्हणाला, "मॅडम, बाकी सगळे चालू कधी होणार ते विचारतात."

*

काकांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांच्या हातचं शेवटचं मशीन तपासायला गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्याचे साहेब आले. नापास झालं असतं तर काकांचा हात गेला, असंच सगळे म्हणाले असते. ताईंनी मुद्दाम रेल्वेच्या दुरुस्तीचा, जंबो ब्लॉकचा रविवार धरला होता. तारांत वीज नाही, रुळांवर गाडी नाही.

रेघ बारीक आली. मग संथपणे हलू लागली. अर्ध्या मिनिटाला एक लाट.

साहेब म्हणाले, "आज तर गाडी नाही. गुंडाळीच सैल आहे."

काकांनी बांधावरून विचारलं, "माझ्यामुळे काय?" आणि ते मागच्या बांधावर गेले. लाट तशीच.

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी म्हणालो, "साहेब, तुम्ही ताडून बघायला आणलेलं दुसऱ्या कंपनीचं मशीन मोटारीत आहे ना? तेही लावून बघू."

शंभर पावलांवर लावलं. दोन्हींवर तीच लाट, एकदमच वर, एकदमच खाली.

ताई म्हणाल्या, "पृथ्वीचं चुंबकत्वच हलतंय, साहेब. सूर्याकडून जे येतं त्याने दिवसा असं होतं. आमच्या मशीनला ते बरोबर दिसलं."

साहेबांनी दोन्ही रेघा पुन्हा पाहिल्या आणि सही केली.

तिसऱ्या बांधावरून काकांची हाक आली, "थांबली का रे? की अजून मागे जाऊ?"