आमच्याकडे दोन नद्या आहेत

मॉन्ट्रियलमध्ये राहून फ्रेंच बोलायला शिकायचं असेल तर सगळ्यात मोठी अडचण इथल्या लोकांचा चांगुलपणा आहे. घरून जुळवून आणलेलं वाक्य तुम्ही दुकानात सुरू करता. पलीकडचा माणूस दोन शब्दांत तुम्हाला ओळखतो आणि तुमची सुटका व्हावी म्हणून इंग्रजीत बोलायला लागतो. बँकेत तेच, मुलीच्या शाळेत तेच. मी आठवड्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं. सोमवारी फार्मसी, मंगळवारी बस, बुधवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट. शब्द पाठ होते, वाक्यं पाठ होती. ऐकायला मात्र कोणी नव्हतं.

आणि मला गरज होती. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी खरेदी विभागात कॉन्ट्रॅक्टवर होते. काम चांगलं चाललं होतं. कोणता माल कुठे अडकलाय हे विचारायला लोक माझ्याच टेबलाशी यायचे. पण मॅनेजरबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झालीस तर पक्की नोकरी, नाहीतर उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपेल. त्या हिवाळ्यात नवऱ्याचा प्रोजेक्ट बंद पडलेला होता, म्हणजे घर माझ्या पगारावर होतं. संध्याकाळच्या वर्गात बाकी सगळे माझ्या भाचेमंडळींच्या वयाचे. ते आपसात हसतखेळत चुकत होते. मी चुकायचेच नाही, कारण तोंडच उघडत नव्हते.

इंग्रजीकडे न वळणारी एकच व्यक्ती माझ्या ओळखीची होती, ती म्हणजे आमची घरमालकीण. ती खाली राहते, आम्ही वर, मध्ये बाहेरून जाणारा लोखंडी जिना. ती पोर्तुगीज, सत्तरी ओलांडलेली, नवरा वारलेला. तरुणपणी इथे आली आणि जन्मभर डाउनटाउनमधली ऑफिसं साफ करण्याचं काम केलं. बरोबरच्या बायकांमुळे फ्रेंच आलं, इंग्रजीची वेळच आली नाही. गल्लीतले लहानथोर तिला तिया म्हणतात. पोर्तुगीजमध्ये तिया म्हणजे मावशी किंवा आत्या. मीही तेच म्हणू लागले.

आमचं सूत जुळलं ते एका परातीमुळे. आम्ही नवीन राहायला आलो होतो तेव्हा एकदा तिने जिन्याखालून हाक मारली, मासा केलाय, घेऊन जा. तिच्या फ्रेंचमध्ये मधूनमधून पोर्तुगीज शब्द येतात. ती म्हणाली, ‘प्रातु’ घेऊन ये. चावी, बादली, बटाटा हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून आलेत हे मला शाळेपासून माहीत होतं, त्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने वर गेले आणि कणीक मळायची परात घेऊन खाली आले. प्रातु म्हणजे साधी ताटली. तिने परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खारवलेला मासा, उकडलेले बटाटे आणि वरून ऑलिव्हचं तेल अशी जवळजवळ अर्धी परात भरून दिली.

“वर किती माणसं राहतात?” तिने शांतपणे विचारलं.

मला खुलासा करावा लागला. शब्दाला शब्द लावत, क्रियापदं शोधत, हाताने कणीक मळून दाखवत. तेवढा सगळा वेळ ती मध्ये न बोलता थांबली. माझं वाक्य संपेपर्यंत थांबणारं माणूस मला या शहरात पहिल्यांदाच भेटलं होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, शनिवारी ग्रोसरी आटोपली की खाली जायचं.

पहिल्या शनिवारी मी विषय जाहीर केला, आज डेंटिस्ट. तिया म्हणाली, माझे दात कधीच गेलेत, दुसरं काहीतरी विचार. पुढच्या वेळी मी बँक काढली. बँकेचं मुलगा बघतो, ती म्हणाली. मग मी वेळापत्रक वर ठेवून गेले आणि तिला बोलू दिलं. ती तिच्या गावाबद्दल बोलली. त्यानंतर वसंत येईपर्यंत आमचा दुसरा विषय झाला नाही.

गावाचं नाव कॉन्स्टान्सिया. तिने टेबलावरच्या मेणकापडावर एक हात आडवा ठेवला. ही तेजू, स्पेनकडून येणारी, रुंद, गढूळ. दुसऱ्या हाताचं बोट वरून खाली आणलं. ही झेझर, डोंगरातली, थंडगार. बोट हाताला टेकलं त्या कोपऱ्यात तिने मिठाची बरणी ठेवली. ते गाव, नद्यांच्या मधल्या चढावर, पांढऱ्या घरांचं, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांचं. त्याच्या भोवतीची वाड्यावस्त्यांसकट सगळी नगरपालिका आपल्या एखाद्या तालुक्याहूनही छोटी, आणि तिचा बराचसा भाग तेजूच्या पलीकडे. तिकडे कॉर्कची झाडं आणि लष्कराची जमीन. पलीकडचे लोकही आमचेच, पण जरा वेगळे, असं तियाचं मत. का ते तिने कधी सांगितलं नाही.

तिचं प्रत्येक वाक्य ‘शे नू’ने सुरू व्हायचं. फ्रेंचमध्ये याचा अर्थ आमच्याकडे. किंवा आपल्याकडे. त्या भाषेत हा फरकच नाही, ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं. मी अर्थातच आमच्याकडे असं ऐकत होते. शे नू, दोन नद्या मिळतात. शे नू, घराचा तळमजला कोणी फार सजवत नाही. मी घरी येऊन ही वाक्यं जशीच्या तशी मोठ्याने म्हणायचे. मुलगी कंटाळून म्हणायची, “आई, प्लीज, नो मोअर रिव्हर्स.”

एका शनिवारी ती पुराचं सांगत होती आणि मी न अडखळता विचारलं, “पाणी कुठपर्यंत?” सांगलीच्या माणसाला हा प्रश्न कोणत्याही भाषेत येतो. तिया उठली आणि फ्रिजशेजारी भिंतीवर छातीच्या उंचीला हात टेकवला. मीही उठले आणि कपाटाच्या वरच्या फळीला हात लावला. “कृष्णा,” मी म्हणाले. तिने माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचा हात वीतभर वर सरकवला.

त्या दिवसापासून ती मला पाहुणी समजेनाशी झाली. इतिहास मग आपोआप येत गेला. तिचे आजोबा नावाडी होते. शिडाच्या होडीतून लाकूड, कॉर्क, तेल भरून लिस्बनपर्यंत जायचं आणि येताना मीठ आणायचं. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, होड्या काठावर उलट्या पडल्या. वर झेझरवर मोठं धरण झालं आणि नदीचा स्वभाव बदलला. नावाड्यांची मुलं कारखान्यात गेली, काही तियासारखी समुद्र ओलांडून इकडे आली. तरी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी अजूनही सजवलेल्या होड्या गावाशी जमतात आणि पाद्री त्यांना आशीर्वाद देतो. आता त्या होड्यांवर कोणाचं पोट नाही. मग कशासाठी, असं मी माझ्या व्यवहारी स्वभावाने विचारलं. पूर्वी होतं ना, ती म्हणाली.

तिची सगळ्यात आवडती गोष्ट फ्रेंच सैन्याची. ते लिस्बनवर चालून निघालेलं असताना नेमका झेझरला पूर आला आणि सैन्य गावाशी खोळंबलं. माझं एखादं वाक्य मध्येच फसलं की ती हीच गोष्ट काढायची. “फ्रेंचसुद्धा आमच्या नदीपाशी अडकले होते. तू फ्रेंचपाशी अडकलीस तर काय बिघडलं?”

गावाचं नाव एका राणीने दिलेलं. कॉन्स्टान्सिया म्हणजे निष्ठा, गाव तिच्याशी एकनिष्ठ राहिलं म्हणून. त्याआधी काय नाव होतं, मी विचारलं. होतं एक, तिया म्हणाली आणि भांडी घासायला उठली. मला रिकामी जागा ठेवायला आवडत नाही. मी जुनं नाव शोधून काढलं आणि वर्गात सरावाचं भाषण द्यायची वेळ आली तेव्हा ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून, स्पष्ट उच्चारात दोनदा म्हटलं. शिक्षिका इथलीच, ती मान हलवत राहिली. मागच्या बाकावरच्या ब्राझीलच्या माणसाने मात्र कपाळ टेबलाला टेकवलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मधल्या सुट्टीत तो लालबुंद चेहऱ्याने माझ्याकडे आला. मादाम, तो म्हणाला, हा शब्द एका अक्षराच्या फरकाने मुतारीच्या भिंतीवर लिहितात तो होतो, परीक्षेत कृपा करून म्हणू नका. तियाला सांगितलं तर तिला हसूनहसून खुर्ची शोधावी लागली.

“आता कळलं ना,” डोळे पुसत ती म्हणाली, “राणीला एवढी काय घाई होती?”

ते नाव मी इथेही लिहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी समोर माझ्याच वयाची बाई होती. आधी फार्मसीत फोन करण्याचं नाटक झालं, ते बेताचंच जमलं. मग तिने सांगितलं, तुम्ही कुठून आलात त्याबद्दल बोला. मला हायसं वाटलं. “शे नू, दोन नद्या मिळतात,” मी सुरुवात केली आणि पुढे थांबलेच नाही. पांढरी घरं झाली, होड्या झाल्या, फुलं झाली, पाद्री आला.

तिने पेन खाली ठेवलं. “हे भारतात?”

फ्रेंचमध्ये मी माझ्या गावाबद्दल कधी एक वाक्यही बोलले नव्हते. माझ्याजवळची सगळी वाक्यं तियाची होती, आणि त्यातलं शे नू केव्हातरी माझ्या मनात आमच्याकडेचं आपल्याकडे होऊन गेलं होतं.

“तुम्ही हे पाठ करून आलात का?” तिने विचारलं. सूर कडक नव्हता, पण पाठ केलेल्या उत्तराला गुण नाहीत हे आम्हाला आधीच बजावलेलं होतं. समोर पेन पडलेलं, आणि माझ्या डोक्यात नोकरी, भाडं आणि घरी वाट बघत बसलेला नवरा.

मग मी जसं सुचेल तसं खरं सांगत गेले. नद्या माझ्या घरमालकिणीच्या आहेत. मी फ्रेंच तिच्या स्वयंपाकघरात शिकले. दुसरं कोणी माझ्याशी फ्रेंच बोलतच नाही, सगळे दयाळू आहेत. त्यावर ती हसली. माझ्या गावाजवळही दोन नद्या मिळतात, मी म्हणाले, पण आमच्याकडे होड्यांना आशीर्वाद देत नाहीत. पाणी चढलं की आम्ही नदीला साडी देतो.

“नदीला साडी?”

“हो. आणि नारळ. बाई घरी आली की देतात तसं.”

ती विचारत गेली, मी सांगत गेले. क्रियापदं कोसळत होती, पण पाठ केलेलं त्यात काहीही नव्हतं. शेवटी तिने विचारलं, मग तुमचं हे शे नू नक्की आहे तरी कुठे?

“खाली, मादाम,” मी म्हणाले. “तळमजल्यावर.”

निकाल लागला तेव्हा मी पास होते. जेमतेम, क्रियापदांवर मेहनत घ्यावी अशा शेऱ्यासकट. मॅनेजरबाईंनी पक्क्या नोकरीचा कागद त्याच आठवड्यात दिला. त्या कागदामुळे नवऱ्याला घाईने मिळेल ते काम धरावं लागलं नाही आणि मुलीची शाळा बदलावी लागली नाही. यातलं किती तियामुळे झालं हे मला नेमकं माहीत आहे, आणि त्याचे आभार मानण्याइतकं फ्रेंच मला अजून येत नाही.

मी थेट खाली गेले. तियाने निकाल ऐकला, मान डोलावली, पण तिला दुसरीच काळजी होती.

“आणि गाव? गाव आवडलं का तिला?”

आवडलं, मी सांगितलं. तिथे जायचं कसं, असंही परीक्षेतल्या बाईने विचारलं, मी म्हणाले.

“मग तू काय सांगितलंस?”

“लिस्बनहून रेल्वेने जायचं.”

तियाने कपाळाला हात लावला. स्टेशन झेझरच्या अलीकडे आहे, उतरल्यावर पूल ओलांडून गावात चालत जावं लागतं, त्या बाईजवळ बॅग असणार, हे कोण सांगणार तिला? तिने मेणकापडावरची भांडी बाजूला सारली, मला बसायची खूण केली आणि स्टेशनच्या फलाटापासून रस्ता सांगायला सुरुवात केली. मी कोट काढून बसले आणि एकेक वळण तिच्या मागून म्हणत गेले.