टोपरं घातलेला खुनी

आमच्या घरचा वरवंटा एका हिवाळ्यात खुनी झाला, आणि तेवढे दिवस मला मिक्सरमधली चटणी खावी लागली. मिक्सरमधली जवसाची चटणी म्हणजे नुसता भुसा. पण सांगता कोणाला? घरधन्यानं नाटक लिहिलं होतं.

आमचं गाव आरमोरीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांत. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हटलं की नाटक आलंच. वडश्याची नाटक कंपनी ठरवायची, मंडप घालायचा, पाहुणे बोलवायचे. आमच्या ह्यांनी जन्मभर ही नाटकं अगदी पुढं बसून पाहिली. बल्लारपूरला नोकरीत होते तेव्हाही रजा टाकून यायचे. मनात एकच गोष्ट, आपलं लिहिलेलं एखादं नाटक वडश्याच्या कंपनीनं स्टेजवर न्यावं. रिटायर झाले आणि लिहायलाच बसले.

लिहिलं काय, तर एका पाटलाच्या घरचा वरवंटा आपोआप गडगडत येतो आणि एकेकाला मारतो. आधी पाटील, मग डॉक्टर, मग जावई, शेवटी इन्स्पेक्टर. मी विचारलं, "पण तो मारते काऊन?"

"कारण नाई."

"कोणाचा जीव अडकला असन, कोणाचा शाप असन..."

"कारण सांगतलं का भेव जाते. लोकं भेतीन बी अन् हसतीन बी. असं नाटक झाडीपट्टीत अजून झालंच नाई."

"काऊन नाई झालं, त्याचा बी थोडा इचार करा," मी म्हटलं. मग ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

तालीम आमच्याच अंगणात, गावातलीच माणसं घेऊन. सुरुवातीला थर्माकोलचा वरवंटा केला, काळा रंग दिला, वाळत ठेवला. वारा सुटला तसा तो उडत कोंबड्यांच्या मागं लागला. त्या नाटकाला खरं भ्यालं असेल कोणी, तर त्या कोंबड्या. मग ह्यांनी माझा खरा वरवंटा उचलला आणि त्याला नायलॉनची बारीक दोरी बांधली. पाटा बिचारा मोरीजवळ एकटा पडला.

गावकऱ्यांनी ह्यांच्या शब्दाला मान दिला, पण रात्र काही दिली नाही. रात्र कंपनीची. आम्हाला दुपार मिळाली. भेवाचं नाटक, आणि मंडपाच्या भोकांतून स्टेजवर उन्हाचे कवडसे. ह्यांना त्याचंही वाईट वाटलं नाही. कंपनीचा ट्रक दुपारीच येतो, बाजूला त्यांचं स्टेज लागतं, पडदे बांधायला मॅनेजर हजर असतो. "मॅनेजर नाटक पाहीन," एवढंच म्हणत होते. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला, आणि बसले पडद्याआड दोरी धरून, जिथं कोणाला दिसणारच नाहीत.

पाटील मेला. लोक गप्प. डॉक्टर मेला, तो मरताना मोबाईल वाजला, त्यानं बंद केला आणि पुन्हा मेला. मॅनेजर एका बाजूला खुर्चीवर चहा पीत होता. हे पडद्याच्या फटीतून त्याच्याकडेच पाहत होते, म्हणून वरवंटा दोनदा भलत्याच माणसाकडे गेला.

मग आला पाळण्याचा सीन. ह्यांच्या मते सगळ्यात भेसूर तोच. स्टेजवर पाळणा, त्यात लेकरू, आणि पाळण्याखालून खुनी हळूहळू बाहेर येतो. पण दोरीची गाठ समोरून दिसत होती. ती झाकायला ह्यांनी घरून नातवाचं जुनं टोपरं आणलं आणि वरवंट्याला घालून दिलं.

आता मला सांगा, मंडपात बसलेल्या एकेक बाईनं आजवर किती बारशी केली असतील. बारशाला वरवंटा धुवायचा, त्याला टोपरं घालायचं, लेकरासारखा पाळण्याखालून एकीनं द्यायचा, दुसरीनं घ्यायचा, मग लेकराशेजारी निजवायचा. याच वरवंट्यानं माझ्या लेकरांचीही बारशी केली. हा माणूस चार लेकरांचा बाप, पण बारशाच्या वेळी हे नेहमी बाहेर सतरंजीवर, पुरुषांच्या पंगतीत. आत काय चालतं ते ह्यांना माहीतच नव्हतं.

टोपरं घातलेला वरवंटा पाळण्याखालून आला, आणि माझी मोठी जाऊ उठली. सरळ स्टेजवर. तिनं खुन्याला उचलून पदरात घेतलं. पडद्याआडून ह्यांनी दोरी ओढली.

"सोडा न भाऊजी," ती म्हणाली, "लेकराले ओढता काऊन?"

मग काय, चार-पाच बाया वर चढल्या. पाळण्याखालून देणं सुरू, घेणं सुरू, गाणं सुरू. मेलेला पाटील उठून बसला आणि विचारतो, "घुगऱ्या कुठी हायेत?" जावई अजून मरायचा होता, तो तसाच घरी जेवायला गेला. मीही हसले. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना.

हसता हसता पडद्याकडं पाहिलं. हे दोरीचं टोक हातात धरून बसले होते, कान लाल. मग माझं हसू गेलं.

तेवढ्यात मॅनेजर खुर्चीवरून उठला आणि पडद्याआड गेला. मी मागोमाग गेले. ह्यांनी सदरा नीट केला.

"भाऊ, नाटक तुमचंच काय?" मॅनेजर म्हणाला.

"हो."

"तो वरवंटा?"

"तो बी माह्याच. म्हणजे हिचा."

"रातच्याले देता काय? आमचा मागचा पडदा वाऱ्यानं उडून राह्यला. असंच जड काहीतरी पाह्यजे."

मला वाटलं, आता नाही म्हणतील, आणि म्हणायलाच हवं. पण ह्यांनी टोपरं काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं, दोरी सोडली. मॅनेजरचा माणूस वरवंटा घ्यायला पुढं आला, त्याला हात लावू दिला नाही. स्वतः खांद्यावर घेतला, कंपनीच्या स्टेजवर चढले आणि पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवला. मागं सरून पाहिलं. पुन्हा जाऊन थोडा पुढं सरकवला.

"भाऊ, तो दिसाले नाई पाह्यजे," मॅनेजर म्हणाला.

"थोडासा," हे म्हणाले.