सगळी यादी, प्रत्येक पानावर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी केल्या, त्याच विषयावर डॉक्टरेट घेतली, पण किश्शाची नोंद एकदाही केली नाही. तरी आज पुस्तकांची नावं विसरलोय आणि किस्से साठून राहिलेत. मरोळच्या ऑफिसातले तर एकाला दुसरा चिकटूनच येतो. सांगताना क्रम चुकला तर सांभाळून घ्या, माझा चुकतो.

ऑफिस म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. मालक सावंत, माझ्याच कॉलेजातला जुना विद्यार्थी. तासांना कमी आणि लायब्ररीत जास्त दिसायचा, कारण पंखे तिथेच चालायचे. त्याची वेबसाइट म्हणजे शाळा-कॉलेजांना लागणाऱ्या हजारो सॉफ्टवेअरची सूची: कुठलं काय करतं, कुठल्या कॉम्प्युटरवर चालतं. ती बांधते आणि सांभाळते फेल्सी, मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली मुलगी. निवृत्तीनंतर सावंतने मला वर्णनं लिहायला बोलावलं.

पहिल्याच महिन्यात मी म्हटलं, "लायब्ररीत वाचक अडला तर विचारायला मी असायचो. इथे कोण आहे? प्रत्येक पानाच्या तळाशी सगळ्या सॉफ्टवेअरची यादी द्या."

"सगळी?" फेल्सीने विचारलं.

"सगळी."

तिने सावंतकडे बघितलं. तो म्हणाला, "सर म्हणतायत ना. लाव."

माझी इथली गरज म्हणजे ती यादी, असं मी तेव्हापासून धरून चाललोय.

*

सूची वाढत गेली आणि पानं उघडेनाशी झाली. दिंडोशीच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबच्या मॅडमनी फोन केला. "मुलं पान उघडायला लावून कॅन्टीनला जाऊन येतात. सत्र सुरू व्हायच्या आधी मी स्वतः बघणार. पटकन उघडलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो." त्यांच्या संस्थेची बाकीची कॉलेजंही आमच्याकडेच होती. ती गेली असती तर ऑफिसला कुलूप लागलं असतं.

पानं हलकी करायची ठरलं. हजारो नावं प्रत्येक पानावर! दोष यादीचाच, असं मला पहिल्या मिनिटाला वाटलं. मी बोललो नाही. यादी गेली तर माझं काय काम उरतं, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

*

चाचणीसाठी फेल्सीने आईचा जुना फोन निवडला. "यावर उघडलं तर कुठेही उघडेल." आईने घरी पानावर बोट दाबायचं आणि किती वेळ लागला ते कळवायचं.

पहिल्या दिवशी फेल्सीने फोन स्पीकरवर ठेवला. "किती गं आई?"

"बारा."

"बारा सेकंद? बरं आहे की."

"सेकंद कुठले? मी दाबलं आणि बोंबील साफ करायला बसले. बारा झाले तेव्हा तुझं पान आलं."

तेव्हापासून ऑफिसात तेच माप. "आज किती?" "नऊ बोंबील." सावंतला त्याची इतकी सवय झाली की दिंडोशीच्या मॅडमनाही तो फोनवर म्हणाला, "मॅडम, सातवर आलोय."

"सात सेकंद?"

"बोंबील," सावंत म्हणाला, आणि मग कसं मोजतो ते त्याने सविस्तर सांगितलं.

"मी शाकाहारी आहे," मॅडम म्हणाल्या. "मला घड्याळातलं सांगा."

*

प्रत्येक पानावर वर सावंतचा फोटो होता, हात जोडलेला. तो मुळात गणपतीत चौकात लावलेल्या फ्लेक्ससाठी काढलेला, आणि त्याच आकारात वेबसाइटवर चढवलेला. दिसायचा तिकिटाएवढा, पण उतरायचा आख्ख्या फ्लेक्सएवढा.

फेल्सीने तो लहान केला. सावंत स्क्रीनजवळ जाऊन बघत राहिला. "मी बारीक दिसतोय काय गो?"

"अजून करू? जिम सोडून द्या मग."

*

दोन दिवाळ्यांपूर्वी लावलेला एक आकाशकंदीलही पानावर डुलत होता. सावंत तो काढू देईना. शुभ असतो म्हणे.

"सावंतसर, आमचा नाताळचा तारा सहा जानेवारीला उतरतो," फेल्सी म्हणाली. "तुमच्यात काही तारीखबिरीख असते का?"

सावंतने कंदील स्वतःच्या हाताने काढला. म्हणजे बटण त्याने दाबलं.

*

आपणही काहीतरी सोडावं म्हणून मी माझी वर्णनं कापायला घेतली. आठ दिवस बसलो. "बहुधा", "माझ्या माहितीप्रमाणे", "तरीही एकदा खात्री करून घ्यावी" असे शब्द माझ्या लिहिण्यात फार असतात. ते एकेक उचलून फेकले. आठव्या दिवशी फेल्सीला विचारलं, "किती हलकं झालं?"

तिने हिशेब केला, पुन्हा केला, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "सर, सावंतसरांच्या जुन्या फोटोतलं शर्टाचं एक बटण असतं ना, साधारण तेवढं."

तेव्हा मी धीर करून विचारलं, "आणि यादी?"

"यादीचं काही नाही हो. नुसती अक्षरं. हलकी असते." असं म्हणून ती चहा प्यायला लागली. कप रिकामा होता, मला दिसत होतं.

मी रोज सकाळी आल्याआल्या कॉम्प्युटर लावून पानाच्या तळापर्यंत जायचो. यादी जागेवर असायची. बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायची.

*

मॅडमच्या तपासणीचा दिवस आला. मी घरून ठरवून निघालो होतो की आज सांगायचं: सावंत, यादी काढून टाक, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण ऑफिसच्या दारातच त्याने मला रिक्षात बसवलं. "सर, दिंडोशीला तुम्हीच जा. तुम्हाला बघून मॅडम आवाज चढवत नाहीत." तोंड उघडेपर्यंत रिक्षा सुटली होती. वाटेत दोनदा फोन काढला आणि दोनदा खिशात ठेवला. आता सांगून उपयोग काय?

लॅबमध्ये मॅडमनी त्यांच्याकडचा सगळ्यात जुना कॉम्प्युटर निवडला. त्यांनी बटण दाबलं. मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवत होतो, तेवढ्यात पान समोर होतं.

"झालं?" मॅडम म्हणाल्या. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. मग खुर्ची मागे सरकवली. "कळवा त्यांना. राहतो आम्ही."

मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी माउस हातात घेतला आणि पानाच्या तळाशी गेलो. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या पानाच्या तळाशीही नव्हतं. मॅडमना "एक मिनिट" म्हणून बाहेर व्हरांड्यात आलो आणि ऑफिसला फोन लावला.

"फेल्सी, पास झालो. पण यादी गेली."

"कुठून गेली, सर?"

"पानावरून. इथे कुठेच नाही. सकाळी होती, मी स्वतः..." मग आठवलं, आज मी माझ्या टेबलापर्यंत पोचलोच नव्हतो. "काल होती. मी बघितली होती."

मग मागून सावंतचा आवाज आला, "दे इकडे," आणि तो फोनवर आला.

"सर, घाबरू नका. यादी कुठेही गेलेली नाही. तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आहे ना. तुम्ही या, रोजच्यासारखी दिसेल."